नाव घेऊन

गोर्डेवकिलांनी आधी खिडकी लावली, मग दार लावलं, कडी नीट बसली का ते ओढून पाहिलं, आणि मगच तोंड उघडलं.

"आपल्यातलंच कुणीतरी तिकडे सांगतंय."

नागपूरच्या त्या चर्चमागच्या पाहुण्यांच्या खोलीत आम्ही तिघंच होतो. रेव्हरंड शांतवन अमोलिक, म्हणजे आमचे साहेब, खाटेवर शाल गुंडाळून बसले होते. गोर्डेवकील दाराशी उभे. आणि मी स्टोव्हपाशी, हातात पीठ. शिष्टमंडळात बाई असली की भाकऱ्या तिच्याकडेच येतात. आमदारांपुढे भाषण मी करायचं आणि संध्याकाळी पीठही मीच मळायचं, असा आमच्या नीती मंडळाचा न्याय होता.

"तिकडे म्हणजे?" मी विचारलं.

"तिकडे म्हणजे सरकार पक्षाच्या प्रतोदाकडे. आमदारांना कुठं मत द्यायचं ते बजावणारा तो माणूस. निंभोरकर आपल्या बाजूनं बोलणार होते. काल त्यांनी शब्द दिला, आज त्यांना बोलावून दम भरला. सोलापूरकडच्या त्या दुसऱ्या आमदारांचंही तेच. दोघांची नावं कुणाला ठाऊक होती? तुम्हाला, मला आणि साहेबांना."

एवढं बोलून ते माझ्याकडे बघत राहिले. साहेब जमिनीकडे बघत होते.

मला कळायला काही वेळ लागला नाही. माझा धाकटा भाऊ नाथान श्रीरामपूरला परमिट रूम चालवायचा. चर्चच्या सगळ्या मंडळीला ते ठाऊक होतं. मी त्याच्याशी बोलणं सोडलेलं, हेही ठाऊक होतं. पण संशयाला चांगली बाजू दिसत नाही.

"वकीलसाहेब, सरळ बोला," मी म्हणाले. "नाथानचं नाव घ्यायचंय ना? घ्या."

"मी कुणाचंच नाव घेतलं नाही."

"डोळ्यांनी घेतलंत."

साहेब खाकरले. "एस्तेरबाई, भाकरी करपेल," एवढंच म्हणाले.

मग मी भाकरी उलटली. राग आला की मला बोलता येत नाही असं नाही, उलट जास्तच येतं. पण त्या वेळी आवरलं.

हे सगळं कशासाठी चाललं होतं ते सांगते. शाळा आणि देवळं, मशिदी, चर्च यांच्यापासून दारूचं दुकान ठरावीक अंतरावर हवं, अशी एक अट होती. ती काढून टाकायचं विधेयक त्या हिवाळी अधिवेशनात यायचं होतं. मी तेव्हा नगरला मिशनच्या मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षक होते. सगळ्या मुली खेड्यांतल्या; कितीतरी जणींचे बाप दारूनंच गेलेले. आमच्या भिंतीपलीकडे एकानं गाळा बांधून शटर बसवून ठेवलं होतं, फक्त विधेयक पास व्हायची वाट. म्हणून आमच्या ख्रिस्ती नीती मंडळानं तिघांना नागपूरला धाडलं. निघताना गोर्डेवकील हसून म्हणाले होते, बायबलातली एस्तेर राजापुढे गेली, आमची आमदारापुढे चालली. तेव्हा आमचं बरं होतं.

त्या संध्याकाळनंतर मात्र आमचं बोलणंच आटलं. सकाळी आमदार निवासाकडे जाताना गोर्डेवकील रिक्षात पुढे ड्रायव्हरला चिकटून बसायचे, मागे माझ्याशेजारी नाही. मी फोन करायला बूथवर गेले की हे समोर पेपर वाचत उभे. मीही काही साधी नाही. मी त्यांच्यावर नजर ठेवली. वकील माणूस, रोज संध्याकाळी बहिणीकडे जेवायला म्हणून गायब होतो. बहीण राहते कुठं, नवरा करतो काय, हे आम्हाला काय ठाऊक? एकदा तर मी त्यांच्या कोटाच्या खिशाकडेसुद्धा बघितलं, हात घातला नाही एवढंच.

साहेबांवर संशय घ्यायचं मात्र माझ्या मनात आलं नाही. त्यांनी माझं लग्न लावलं होतं, माझ्या नवऱ्याला माती दिली होती. ते रोज संध्याकाळी त्या चर्चमध्ये विधेयकासाठी प्रार्थनासभा घ्यायचे. नागपूरची मंडळी भरपूर यायची, म्हणे. मला कुठली सवड? मी पलीकडे स्टोव्हला पंप मारत असायची.

एक दिवस गोर्डेवकील स्वतःहून माझ्याजवळ आले. विधानभवनाबाहेर एका टपरीवर आम्ही तर्रीपोहे खात होतो. साहेब जरा लांब, कुणाशी तरी बोलत.

"एस्तेरबाई, एक आनंदाची बातमी," ते हळूच म्हणाले. "हिंगवे आपल्या बाजूनं आहेत. पक्के. पण कुणाला बोलायचं नाही."

मला बरं वाटलं. हिंगव्यांमुळे नाही, वकिलांनी परत विश्वास टाकला म्हणून. माणूस किती भोळं असतं. साहेब आमचे प्रमुख, तेव्हा त्यांना मी दुपारी सांगितलं, आणि दुसऱ्या कुणालाही नाही.

दुसऱ्या दिवशी आमदार निवासाच्या व्हरांड्यात हिंगवे आमच्यावर चालूनच आले. गडी चांगला धिप्पाड, गळ्यात मफलर.

"नीती मंडळवाले तुम्हीच का?"

"हो," साहेब म्हणाले.

"मी तुम्हाला कधी भेटलो? कधी शब्द दिला? प्रतोदांनी सकाळी सकाळी मला उभं करून झाडलं, की तू त्या दारूबंदीवाल्यांना फितूर झालास म्हणून. माझा तुमच्या विधेयकाशी संबंध काय?"

ते तणतणत निघून गेले. गोर्डेवकिलांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हिंगव्यांचं ते मी मनानं रचलं होतं," ते म्हणाले. "आणि ते मी फक्त एका माणसाला सांगितलं होतं."

मी व्हरांड्याचा कठडा धरला.

"सापळा लावलात माझ्यासाठी?"

"लावला. आणि सापडलं."

"मी फक्त साहेबांना सांगितलं. विचारा त्यांना."

गोर्डेवकिलांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांचा चेहरा पडला होता. "मला सांगितलं, खरंय," ते म्हणाले. "पण मी कुणालाच सांगितलं नाही, वकील. शपथ घालू नका, आपल्यात शपथ घालत नाहीत. पण कुणालाच नाही."

आणि ते खोटं बोलत नव्हते. मी त्यांना तीसेक वर्षं ओळखत होते, त्या माणसाला खोटं बोलताच यायचं नाही. म्हणजे मग राहिलं कोण?

"एस्तेरबाई," साहेब माझ्याजवळ येऊन म्हणाले, "अजून वेळ आहे. मन मोकळं करा. प्रभू क्षमा करतो."

"मी काय केलं म्हणून क्षमा करतो?"

त्यावर गोर्डेवकिलांनीच स्पष्ट सांगितलं. नगरला पोचल्याबरोबर मंडळाची सभा, सभेत हा विषय, आणि वसतिगृहाच्या चाव्या दुसऱ्या कुणाच्या तरी हातात. "भाऊ बारवाला आणि बहीण मुलींची अधीक्षक, हे आधीच लोकांना खटकत होतं," असंही वर म्हणाले. माझं घर म्हणजे ते वसतिगृहच. दोन खोल्या, एक तुळशीचं वाटावं असं सब्जाचं झाड आणि पन्नासेक मुली. तिथून हाकललं असतं तर मी जायचं कुठं, नाथानच्या बारवर?

दुपारभर मी खोलीत बसून रडले. लाज कशाची सांगायला, ढसाढसा रडले. मग संध्याकाळ झाली, स्टोव्ह समोर होता, परातीत पीठ होतं, आणि मला एकदम वीट आला. जे मला चोर म्हणतात त्यांना मी भाकरी थापून घालू? परात तशीच झाकली, पदर सारखा केला आणि मी प्रथमच त्या संध्याकाळच्या सभेला जाऊन बसले.

सभा सुरू व्हायची होती. मी मागच्या बाकावर बसले तर एक बाई सरकत माझ्याजवळ आल्या. गोऱ्या, गोल चेहऱ्याच्या, अंगात हातानं विणलेला स्वेटर.

"तुम्ही नगरच्या एस्तेरबाई नं? मी ग्लोरी. तुमच्यासाठीही प्रार्थना करतो बरं आम्ही रोज."

"उपकार तुमचे," मी म्हणाले.

"किती छान प्रार्थना करतात तुमचे साहेब. एकेका आमदाराचं नाव घेऊन. आमच्या इकडं कुणी अशी नाही करत. मी घरी जाऊन यांना सांगते नं सगळं. हे काही चर्चला येत नाहीत, कामाचा माणूस. पण आजकाल स्वतःहून विचारतात, आज कुणाकुणासाठी प्रार्थना झाली? मी म्हटलं, चला, देवानं यांचं मन ओढलं एकदाचं."

माझ्या हातातलं गीतांचं पुस्तक तसंच राहिलं.

"कुठं असतात तुमचे मिस्टर?"

"तिकडेच, विधानभवनात. प्रतोदसाहेबांच्या ऑफिसात आहेत. अधिवेशन आलं की घरी पायच टिकत नाही त्यांचा."

बिचारी हसत होती. नवरा सुधारतोय म्हणून खूश. मला तिचा राग यायला हवा होता, पण आला नाही. मी नुसती तिच्या तोंडाकडे बघत राहिले आणि डोक्यात एकेक गोष्ट आपल्या जागी बसत गेली. निंभोरकर. तो सोलापूरचा. हिंगवे. साहेबांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. देवाला सांगितलं होतं फक्त, आणि देवाला सांगणं म्हणजे कुणाला सांगणं असं आमच्यात कोण समजतं?

तेवढ्यात साहेब वेदीपाशी उभे राहिले. बाजूच्या दारातून गोर्डेवकील आत आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले, नजर थेट माझ्यावर. मी कुणाला काय सांगते ते बघायलाच आले होते. साहेबांनी डोळे मिटले, सगळ्यांनी मिटले. मी मिटले नाहीत.

"हे स्वर्गीय पित्या," साहेबांचा आवाज खर्जातला, भरलेला, चर्चच्या पार मागच्या भिंतीपर्यंत जाणारा. "उद्या ते विधेयक येत आहे. आमचे दोन बंधू भयानं मागे हटले, त्यांना तू क्षमा कर. पण तू आम्हाला रिकामं ठेवलं नाहीस. आज सकाळी तू एका नव्या बंधूचं मन तयार केलंस, त्यानं मला एकट्याला गाठून शब्द दिला. तो उद्या सभागृहात उभा राहून विधेयक समितीकडे पाठवा असं म्हणणार आहे. त्याला वाघाचं काळीज दे, प्रभू. मी त्याचं नाव घेऊन तुझ्यापुढे येतो, आमचे बंधू ता..."

"आमेन," मी म्हणाले.

मुलींना जेवायला हाक मारायची सवय, माझा आवाज काही लहान नाही. आमेन ऐकलं की ख्रिस्ती माणूस आमेन म्हणतो, त्याचं त्यालाही कळत नाही. अख्ख्या चर्चनं "आमेन" म्हटलं. पेटीवाल्यानं गीताचे सूर धरले, लोक उभे राहिले. साहेब डोळे उघडून तसेच उभे, तोंड अर्धं उघडं. पुढचं नाव तोंडातच राहिलं.

गीत संपल्यावर साहेबांनी मला मागच्या खोलीत बोलावलं. तिथं त्यांचे झगे टांगलेले असायचे. गोर्डेवकील आलेच पाठोपाठ, दार लावून घेतलं, याही वेळी कडी ओढून पाहिली.

"प्रार्थना मध्येच तोडलीत तुम्ही," साहेब म्हणाले. त्यांना इतकं रागावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "पाळकाची प्रार्थना. माझ्या चाळीस वर्षांत असं कुणी केलं नाही."

"तोडली. म्हणून त्या बंधूचं नाव बाहेर पडलं नाही."

"आता लपवायचं काहीच राहिलं नाही तर," गोर्डेवकील म्हणाले. "तुम्हाला त्या बंधूसाठी प्रार्थनाच व्हायला नको होती, म्हणजे..."

"वकीलसाहेब, जरा डोकं चालवा. मला फितुरी करायची असती तर मी ते नाव ऐकून घेतलं असतं, थांबवलं असतं का?"

मग मी ग्लोरीबाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं, त्यांचा नवरा, प्रतोदाचं ऑफिस, रोज रात्रीचा तो प्रश्न.

गोर्डेवकील हळूच स्टुलावर बसले. कोर्टात साक्षीदाराला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "साहेब, हिंगव्यांचं नाव तुम्ही प्रार्थनेत घेतलं होतं?"

"घेतलं. नाव न घेता प्रार्थना म्हणजे पत्ता न घातलेलं पाकीट."

"निंभोरकरांचं?"

"त्यांचंही."

"मग कुणालाच सांगितलं नाही म्हणालात ते?"

"नाहीच सांगितलं," साहेब म्हणाले. "मी देवाशी बोलत होतो."

"साहेब, मंडळी बहिरी नव्हती," मी म्हणाले.

साहेबांनी झग्याची बाही धरली आणि बराच वेळ सोडली नाही. म्हातारा माणूस, मला दया यायला लागली होती. मग ते म्हणाले, "एस्तेरबाई, तुमचंही नाव घेत होतो मी."

"माहीत आहे. ग्लोरीबाई म्हणाल्या. आभारी आहे."

"तसं नाही." ते माझ्याकडे बघेनात. "निंभोरकर फिरले तेव्हापासून. तुमचं मन फिरावं म्हणून. भावाच्या पैशाचा मोह सुटावा, तुम्ही केलेली फितुरी प्रभूनं तुमच्यापुढे आणावी, म्हणून. रोज."

"मोठ्यानं?"

त्यांनी हो म्हणून मान हलवली.

तेव्हा मला कळलं की दया येणं आणि काळीज फाटणं एकाच वेळी होऊ शकतं. वकिलांनी निदान माझ्या तोंडावर संशय घेतला. यांनी भाकरी खाल्ली माझ्या हातची, आणि रोज अख्ख्या नागपूरपुढे मला चोर ठरवलं. त्या मंडळीतल्या निम्म्या लोकांचे सोयरे नगरचे. आम्ही गाडीत बसायच्या आधी ही गोष्ट वसतिगृहाच्या दारात पोचली असती.

"चला," मी म्हणाले. "लोक अजून चहा घेतायत. आत्ता बाहेर चला आणि सांगा, की एस्तेरनं काही केलेलं नाही."

साहेब निघालेही. पण गोर्डेवकिलांनी हात आडवा धरला. "आज नको. कसं झालं ते सांगावं लागेल. ते सांगितलं की आज रात्री प्रतोदाच्या माणसाला कळेल की तोंडात राहिलेलं एक नाव अजून शिल्लक आहे. ता पासून सुरू होणारे आमदार किती असतात? उद्या दुपारपर्यंत कळ काढा. बाई, मी हात जोडतो."

त्यांनी खरोखर हात जोडले. मला भिंतीपलीकडचं ते शटर दिसलं, आणि मुली दिसल्या. कळ काढली. ती एक रात्र चोर म्हणून झोपले, झोप कसली म्हणा.

दुसऱ्या दिवशी प्रेक्षक गॅलरीत आम्ही तिघं बसलो. विधेयक आलं, मंत्री दोन वाक्यं बोलले, कागद सरकले, आणि मागच्या बाकावरून ताकसांडे नावाचे एक बारकेसे आमदार उठले. सरकार पक्षाचेच. माझ्या गावच्या शाळेसमोर काय होणार ते मला माहीत आहे, म्हणाले, हे समितीकडे पाठवा. प्रतोदाची मान गर्रकन वळली, पण शब्द बाहेर पडला होता. मग विरोधकही उठले, मग सत्तेतले आणखी दोघं. मंत्र्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि समिती मान्य केली. ते विधेयक पुढे कधी वर आलं नाही.

संध्याकाळी उपकारस्तुतीची सभा झाली. चर्च गच्च भरलं होतं. साहेबांनी प्रार्थना केली. ताकसांड्यांचं नाव घेतलं, सभापतींचं घेतलं, गोर्डेवकिलांचं, नागपूरच्या मंडळीचं, चहा देणाऱ्या कुटुंबाचंसुद्धा. मी माझ्या नावाची वाट बघत होते. एकदा त्यांचा आवाज अडला, मला वाटलं आता. पण ते पुढे गेले, आणि आमेन म्हणाले. त्यांच्याकडून झालंच नाही. इतक्या वर्षांचा पाळक, एवढ्या लोकांपुढे, नाही झालं.

लोक गीतासाठी पुस्तकं उघडायला लागले. मी उभी राहिले.

"मीही प्रार्थना करते," मी म्हणाले. आमच्यात प्रार्थना करायला कुणालाही बंदी नाही, बाईलासुद्धा. सगळ्यांनी डोळे मिटले.

"हे प्रभू," मी म्हणाले, "आमच्या साहेबांसाठी, शांतवन अमोलिक यांच्यासाठी, मी तुझ्यापुढे येते. त्यांचं मन लेकरासारखं आहे. तुझ्याशी बोलताना लोक ऐकतात हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. त्यांनी आमदारांची नावं इथं घेतली आणि ती इथून प्रतोदाच्या ऑफिसात गेली. ज्या माणसानं ती नेली त्याच्या घरच्या माणसाचा काही दोष नाही, म्हणून मी नाव घेत नाही, तुला ते ठाऊक आहेच. आणि साहेबांनी माझ्यावर, एस्तेर पाटोळेवर, इथं उभं राहून फितुरीचा आळ घेतला. मी फितुरी केली नाही, प्रभू. माझ्या भावाचा एक पैसा मी घेतला नाही. साहेबांना खरं सांगायचं होतं, पण धीर झाला नाही. तो त्यांना दे. मी त्यांना क्षमा केली आहे, आज नाही जमली पुरती, उद्यापर्यंत जमेल."

कुणी हललं नाही. दोन बाक पुढे ग्लोरीबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. त्यांना कळलं होतं, आणि दुसऱ्या कुणाला कळलं नव्हतं. मी थांबले. शेवटचं आमेन माझ्या तोंडून निघेना. चर्च तसंच डोळे मिटून बसलेलं.

मग वेदीपाशी उभं राहून साहेबच म्हणाले, "आमेन." अगदी हळू, त्यांचा आवाज वाटूच नये इतका.

त्यांच्या मागून सगळे म्हणाले. गोर्डेवकील जरा उशिरा म्हणाले, पण म्हणाले.